भिंतीकडे तोंड केलेला पंखा

सप्रेम नमस्कार.

मायन्यात काय लिहावं यातच माझे दोन दिवस गेले. ‘प्रिय’ म्हणावं एवढी आपली ओळख नाही. ‘सौ.’ लिहून पुढे आडनाव लिहायला गेले, तर ते आडनाव एकेकाळी माझंही होतं. आपल्या भाषेत तुमच्या-माझ्या नात्याला शब्द एकच, सवत. तो पत्राच्या डोक्यावर लिहिण्यासारखा नाही आणि खराही नाही. मी त्या घरातून 2016 मध्ये बाहेर पडले, तुमचं लग्न झालं 2018 मध्ये. कोणी कोणाचं काही ओढून नेलं नव्हतं. तरी लोकांनी तुम्हाला सवत करून टाकलं, आणि मीही ते करू दिलं.

पत्र चारचौघांत लिहितेय त्याचं कारणही हेच. तुमच्याबद्दल जे वाईट बोललं गेलं ते चारचौघांतच. लग्नाच्या पंगतीत, हळदीकुंकवात, मी नोकरी करते त्या पतसंस्थेच्या काउंटरवरसुद्धा. मग आभार तेवढे बंद पाकिटात कशाला?

लिहायला निमित्त झालं मारबतीचं. तुम्ही कोल्हापूरच्या, तुम्हाला ही भानगड ठाऊक नसेल. आमच्याकडे नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, काळी आणि पिवळी मारबत निघते. काळी 1881 पासूनची, पिवळी 1885 पासूनची. दोघी म्हणजे भल्याथोरल्या बायकांचे पुतळे, मागेपुढे बडगे, म्हणजे पुरुषांचे पुतळे, आणि इतवारीत पाय ठेवायला जागा नाही एवढी गर्दी. सगळे ओरडतात, ‘इडा पिडा, रोगराई घेऊन जा गे मारबत!’ ज्याला जे नको असेल ते त्यानं त्यात जोडायचं. महागाई, डेंगू, पुढारी. माझं माहेर तिथलंच, मी फ्रॉकात होते तेव्हापासून जाते. आणि 2018 पासून दर वर्षी मी मनातल्या मनात एक ओळ जोडत होते: ‘ती मेलबर्नवाली घेऊन जा गे मारबत.’ कोरोनात मिरवणूक निघाली नाही, तेव्हा घरात बसून म्हटली. तुम्हाला एकदाही न पाहता, तुमच्याशी एक शब्द न बोलता.

यंदा, म्हणजे 2024 मध्ये, 3 सप्टेंबरला मी नेहमीच्या कोपऱ्यावर उभी होते. पोरगा शेजारी, मोबाइल उंच धरून तुमच्या लेकीसाठी व्हिडिओ काढत होता. काळी मारबत समोर आली, लोक ओरडले, मीही तोंड उघडलं, आणि ते तसंच राहिलं. ओळ काही निघेना. घरी आल्यावर हात-पाय धुतले आणि कागद घेतला.

पोराला तुमच्याकडे यायचं नव्हतं. हे तुम्हाला पहिल्या पाच मिनिटांत दिसलंच असेल. मार्चमध्ये दहावीचा शेवटचा पेपर झाला आणि एप्रिलमध्ये तुमच्या घरून निरोप आला, सुट्टीत पाठव, तिकीट आम्ही काढतो. आठ वर्षांत हे पहिल्यांदा. त्याआधी दर दिवाळीला त्याच्या बाबांचं ‘या वर्षी नक्की येतो’ असायचं. आला माणूस दोनदा, तेही चार-चार दिवस, हॉटेलात उतरून. पोरगा सहावीत असताना एक सायकलही कबूल झाली होती. ती बहुधा अजून जहाजातच आहे.

‘काऊन जाऊ मी? ते आले का कधी?’ पोरानं विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. माझा मोठा भाऊ म्हणाला, पाठव, नाहीतर उद्या हाच पोरगा म्हणेल की आईनं अडवलं. तेवढ्या एका वाक्यावर मी पाठवला, प्रेमानं नाही. कागदपत्रांचं काय काय झालं ते सांगत नाही. ते सांगायला बसले तर आभार राहून जातील.

पिशवीत तिखट दिलं, जवसाची चटणी दिली, सांडग्या मिरच्या दिल्या. संत्रा बर्फी द्यायची फार इच्छा होती, पण दुधाची मिठाई तिकडच्या विमानतळावरच काढून घेतात म्हणाले, म्हणून राहिली. मे महिन्यातल्या दुपारी, डांबर चपलेला चिकटत असताना, सोनेगावच्या विमानतळावर हा पोरगा हातावर जाडजूड जॅकेट घेऊन उभा. येणारे-जाणारे वळून बघत होते. आत जाताना त्यानं मात्र मागे वळून बघितलं नाही. माझ्यावरचा राग होता तो, मला कळत होतं.

आता तुमच्या घरातलं जे मला कळलं ते सगळं त्याच्या तोंडून, आणि पंधरा-सोळा वर्षांची मुलं काय सांगतात तुम्हाला माहीतच आहे. विचारलं की ‘ठीक आहे’. न विचारता मधूनच एखादी गोष्ट अशी टाकून देतात की पोळी लाटायची थांबावी लागते.

पोळीवरून आठवलं. पहिल्याच आठवड्यात तो तुम्हाला म्हणाला होता ना, ‘तुम्ही काही माझ्या आई नाही.’ जेवताना, सगळ्यांसमोर. हे त्यानं मला स्वतः सांगितलं, मान खाली घालून. आणि तुम्ही म्हणालात, ‘नाहीच मुळी. तुझी आई नागपुरात आहे. मी एवढंच विचारलंय, चपात्या किती लाटू?’ त्यावर हा म्हणे, ‘पोळी म्हणतात.’ तुम्ही म्हणालात, ‘बरं, पोळ्या किती?’ तो म्हणाला चार. माझ्याकडे तो तीन खातो.

सांबाराचा घोळही कळला. त्यानं भाजीवर सांबार नाही का म्हणून विचारलं आणि तुम्ही दुसऱ्या दिवशी पातेलंभर सांबार केलंत, इडल्यांसकट. आमच्या नागपुरात कोथिंबिरीला सांबार म्हणतात हे कोल्हापूरला कोण सांगणार? तांबडा रस्सा जास्त तिखट की सावजी यावर तुम्हा दोघांचा जो वाद झाला, त्यात मी पडत नाही. सावजीच.

पण मला जे लिहायचंय ते वेगळंच आहे.

तो गेल्यावर पहिले आठ-दहा दिवस मला रोज रात्री साडेनऊला फोन यायचा. सुरुवातीला बरं वाटलं, पोरगा आठवणीनं फोन करतो. मग एकदा हिशेब केला. तुमचं घड्याळ आमच्या साडेचार तास पुढे. म्हणजे माझ्याकडे साडेनऊ तेव्हा तुमच्याकडे रात्रीचे दोन. ‘झोपला नाहीस का रे?’ तर म्हणे, ‘पाणी प्यायला उठलो होतो.’ रोज दोन वाजता पाणी? मला वाटलं रडत असेल. मला वाटलं घरात काही होत असेल. माझ्या डोक्यात काय काय आलं ते लिहायची मला लाज वाटते, कारण त्यातलं निम्मं तुमच्याबद्दल होतं.

मग एका रात्री फोन आला नाही. दुसऱ्या रात्रीही नाही. तिसऱ्या दिवशी तो संध्याकाळीच बोलला, आवाज मोकळा, आणि मागून एक घरघर ऐकू येत होती.

‘कसला आवाज रे हा?’

‘पंखा आहे.’

‘थंडीत पंखा?’

‘माझ्याकडे नाही. भिंतीकडे तोंड करून लावलाय.’

मला काही कळलं नाही. त्यानंही पुढे सांगितलं नाही. पूर्ण गोष्ट तो परत आल्यावर, जुलैत कधीतरी, भांडी पुसता पुसता बाहेर आली. तुमच्या घरात रात्री काही आवाजच नसायचा. दारं-खिडक्या घट्ट बंद, गरम हवा जमिनीतल्या जाळीतून येते म्हणे, रस्त्यावर कुत्रं नाही, रात्रीचा शिट्टी वाजवणारा गुरखा नाही. कधीतरी छपरावर पोसम नावाचा तिकडचा प्राणी धावायचा तेवढाच. त्या शांततेत त्याला झोप लागेना. मग त्यानं घर शोधत शोधत एक आवाज मिळवला, बाथरूममधला एक्झॉस्ट फॅन. रात्री सगळे झोपले की तो जाऊन ते बटण दाबायचा, बाथरूमचं दार उघडं टाकायचा आणि आपल्या खोलीचंही. तेवढ्या घरघरीवर त्याचा डोळा लागायचा. आणि थोड्या वेळानं त्याचे बाबा उठून फॅन बंद करायचे. सकाळी ओरडा, विजेचं बिल कोण भरतं, दिवा-पंखा चालू टाकायची ही कुठली सवय, आईनं हेच शिकवलं का. असं चार-पाच दिवस. पोरगा गप्प. काय सांगणार, आवाज नसला की मला झोप येत नाही? या वयात मुलगा हे बापाला सांगत नाही.

तुम्ही ओरडला नाहीत. तुम्ही एकच प्रश्न विचारलात, तोही डबे भरता भरता, त्याच्याकडे न बघता: ‘नागपूरला झोपताना आवाज कशाचा असतो रे?’

तो म्हणाला, ‘कूलरचा.’

बस. त्यावर तुम्ही ‘बरं’सुद्धा म्हणाला नाहीत म्हणे. रात्री तो खोलीत गेला तर गॅरेजमधला उभा पंखा पुसून कोपऱ्यात ठेवलेला, तोंड भिंतीकडे, म्हणजे वारा अंगावर येऊ नये, आणि पलंगावर एक जास्तीची रजई. बाहेर सात अंश. पंखा रात्रभर चालला, आणि तो परत निघेपर्यंत रोज चालला.

एवढंच. तुम्हाला कदाचित आठवणारही नाही.

तुम्हाला खरं सांगते, हे ऐकल्यावर माझ्या मनात पहिल्यांदा आभार आले नाहीत. पोटात दुखलं. पंधरा वर्षं पोर माझ्या कुशीत आणि शेजारच्या गादीवर झोपतंय, आणि त्याला कूलरची हवा नाही, कूलरचा आवाज लागतो हे मला ठाऊक नव्हतं. मी समजत होते त्याला उकडतं. 2016 च्या मे महिन्यात आम्ही दोघं माझ्या आईकडे राहायला आलो, तो सात वर्षांचा. पावसाळा लागून हवा दमट झाली तरी तो कूलर बंद करू द्यायचा नाही. घरात तेव्हा बिलावरून काही कमी ऐकलं नाही मी. ‘लाडावून ठेवलाय’, ‘बापाची सवय’. एका समुपदेशकाकडेही नेलं होतं. त्यांनी वीस मिनिटांत पैसे घेतले आणि मूल हट्टी आहे, हट्ट पुरवू नका असं सांगितलं. झोपताना त्याला काय ऐकू यावं लागतं, हे आमच्यापैकी कोणीही विचारलं नाही. मीसुद्धा नाही.

आणि ज्यांना विचारायचीही गरज नव्हती, ते? आमच्या जुन्या घरात खिडकीला पत्र्याचा मोठा कूलर होता. रात्री जेवणं झाली की नळाला पाइप लावून त्यात पाणी कोण भरायचं? बाप-लेक. पोरगा टाकीत हात बुडवून ‘भरलं, भरलं’ ओरडायचा. पंप सुरू झाला, वाळ्याच्या ताट्या भिजल्या, तो ओला वास खोलीत पसरला की तिसऱ्या मिनिटाला झोपलेला असायचा. सात उन्हाळे हे चाललं. त्या माणसानं मेलबर्नला मध्यरात्री उठून एक्झॉस्ट फॅन बंद केला, आणि त्याला काही आठवलं नाही. तुम्ही ते घर पाहिलंही नाही.

त्यांच्याबद्दल याहून जास्त लिहीत नाही. तुम्हाला त्यांच्यासोबत राहायचंय, आणि तुमच्याकडे ते कदाचित वेगळे वागत असतील. असोत.

आपण दोघी पहिल्यांदा बोललो ते एका बिघडलेल्या यंत्राच्या कृपेनं, आठवतं? मे संपत आला होता, नवतपा, म्हणजे सगळ्यात तापलेले नऊ दिवस, चालू होता, आणि टीव्हीवर बातमी आली की नागपुरात 56 अंश तापमान. आम्ही इथे बसून हसत होतो, कारण 56 असतं तर ऐकायला तरी कोण उरलं असतं? पण पोरानं तिकडे ते मोबाइलवर वाचलं आणि घाबरून फोन केला. ‘आई, 56! तू बाहेर आहेस का?’ मी समजावत होते तोवर फोन तुमच्या हातात गेला. ‘ताई, घरातच आहात न्हवं? दुपारचं बाहेर पडू नका हं. कांदा ठेवा जवळ.’ ताई. सहा वर्षं मी मारबतीला तुम्हाला घेऊन जा म्हणत होते आणि तुम्ही मला ताई म्हणालात. मला काही सुचलं नाही. मी म्हटलं, ‘हो, ठेवते कांदा.’ पुढे हवामान खात्यानं सांगितलं की त्या केंद्राचा सेन्सरच बिघडला होता. माझा भाऊ अजून त्या खात्यावर विनोद करतो. मी करत नाही.

त्यानंतरच केव्हातरी पोरगा बोलता बोलता ‘मावशी म्हणाली’ असं म्हणून गेला. तोवर तो तुम्हाला काहीच म्हणत नव्हता, ‘अहो ऐका ना’वर दिवस काढत होता. मी विचारलं, कोण मावशी? तर गप्प झाला. मी म्हटलं, चांगला शब्द आहे. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की त्यानं हाक तुम्हाला मारली, पण नातं माझ्याशी जोडून टाकलं. मला दोन भाऊ आहेत, बहीण नाही.

आमच्याकडे उन्हाळ्यात दुकानांपुढे रांजण ठेवतात, ओलं फडकं गुंडाळून, वर झाकण, झाकणावर ग्लास. महाल, सीताबर्डी, इतवारी, कुठेही जा. पाणी कोणी भरलं ते पिणाऱ्याला माहीत नसतं, कोण प्यायलं ते भरणाऱ्याला माहीत नसतं. सिग्नलवर हल्ली हिरव्या जाळ्या बांधतात, त्याखाली उभं राहून दुचाकीवाले दोन मिनिटं सावली घेतात आणि निघून जातात. मला अशी माणसं आवडतात. आमच्या नात्यात मदत करणारे पुष्कळ होते. प्रत्येकानं मदत केली आणि प्रत्येकानं ती पुढच्या कार्यात सगळ्यांना सांगितली. पोराची शाळेची फी एकदा एकानं भरली होती, ती त्या पोरानं त्यांच्या तोंडून निदान सहा वेळा ऐकली. तुम्ही पंखा ठेवलात ते तुमच्या घरातल्या माणसालाही सांगितलं नाहीत, असं पोरगा म्हणतो. ‘बाबांना वाटलं मीच काढला गॅरेजमधून.’ तेवढा ओरडा त्याला बसला म्हणे. आणि मग तुम्ही ‘मी ठेवलाय’ म्हणालात, आणि विषय संपला.

तुमची लेक हल्ली प्रत्येक गोष्टीला ‘काऊन?’ म्हणते असं ऐकलं. त्याबद्दल मात्र माफी मागते. नागपूरचा गुण आहे, लागला की जात नाही.

तो परत आला तेव्हा जून अर्धा सरला होता. हवा दमट, कूलर लावला की नुसती चिकचिक. एरवी मी या दिवसांत ताट्या काढून वाळवते आणि वर प्लॅस्टिक बांधते. पण त्या रात्री मुद्दाम पंप बंद ठेवला आणि कूलरचा नुसता पंखा लावला. तेव्हा तुमची पूर्ण गोष्ट मला ठाऊक नव्हती. भिंतीकडे तोंड केलेला पंखा एवढंच डोक्यात होतं. पोरगा आडवा झाला आणि तिसऱ्या मिनिटाला गेला. मी शेजारी पडून ऐकत राहिले. पत्रा थरथरतो, मग पंख्याला एक ठेका आहे, दर काही वेळानं एक बारीकशी किर्र येते. इतकी वर्षं त्या खोलीत झोपले, ती किर्र मी त्या रात्री पहिल्यांदा ऐकली.

त्याच्या बॅगेत तुम्ही दिलेली कांदा-लसूण मसाल्याची बरणी निघाली. तुमच्या आईनं केलेला ना? कोल्हापूरचा मसाला मेलबर्नमार्गे नागपूरला आला. मी तो पाटोडीच्या रश्शात घातला. बरा झाला होता रस्सा. जास्त बोलत नाही, आमच्या सावजीवाल्यांनी ऐकलं तर पंचाईत.

पोराला अकरावीला प्रवेश मिळाला आहे. पुढच्या सुट्टीत पुन्हा यायचं का, हे त्याचं तो तुम्हाला सांगेल, मी मध्ये पडणार नाही. यायचं म्हणाला तर या खेपेला बॅग मी वेगळ्या मनानं भरेन. बरणी धुऊन ठेवली आहे, ती रिकामी पाठवणार नाही. तुमच्या विमानतळावर काय चालतं ते तेवढं कळवा.

आणि डिसेंबरमध्ये तुमच्याकडे उन्हाळा सुरू होईल, तेव्हा तो पंखा भिंतीकडून वळवून घ्याल. महिनाभर रोज रात्रभर चालला आहे, जाळीत धूळ बसली असेल. आधी जुन्या टूथब्रशनं झाडून घ्या, मग ओल्या फडक्यानं पुसा. उलट केलं तर लगदा होतो.

तुमची,
ताई